पैका, पंगत आणि एक परदेशी कादंबरी

आषाढाच्या अखेरीस आमचें बिऱ्हाड आठ दिवस कासार आंबोलीस होतें. पुण्याहून पौडास जाणाऱ्या रस्त्यानें पिरंगुट मागें टाकलें म्हणजे हें गांव लागतें. पूर्वीं भातखाचरें आणि डोंगरउतारावरचें गवत एवढेंच याचें वैभव. आतां रस्त्याच्या दोन्ही अंगांस फलक, कुंपणें आणि बंगले झाले आहेत. मुलींची सैनिकी शाळाही येथेंच आहे. आमचेंही एक लहानसें घर तेथें आहे. तें कोणाच्या जमिनीवर उभें आहे, हें पुढें सांगावयाचेंच आहे. तूर्त एवढेंच कीं, पावसानें अशी झड धरली होती कीं पडवीबाहेर पाऊल घालणें अशक्य, वीज दिवसांतून दोनदां जाई, आणि घरांत लहानमोठीं मिळून अकरा माणसें. अशा वेळीं एकानें मोठ्यानें वाचावें व बाकीच्यांनीं निवडटिपण करीत ऐकावें, ही आमच्या घरची जुनी रीत आहे.

या खेपेस धाकट्या पुतण्यानें आपल्या कॉलेजांत नेमलेलें पुस्तक पुढें केलें. एफ. स्कॉट फिट्झजेराल्ड या अमेरिकन लेखकाची 'द ग्रेट गॅट्स्बी' ही कादंबरी. तो एक पान इंग्रजींत वाची व लागलीच मराठींत सांगे. कारण आमच्या आत्याबाईंस इंग्रजी येत नाहीं, आणि कथा ऐकण्याची हौस तर सर्वांत अधिक त्यांनाच. थोरल्या बंधूंनीं आरंभींच हरकत घेतली. शंभर वर्षांपूर्वींचा कोणी एक अमेरिकन, चोरून दारू विकून गबर झालेला, दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा. त्याची कथा या घरांत, लेकीसुनांसमोर, कशासाठीं? प्रश्न रास्त होता व त्याचें उत्तर त्या वेळीं आम्हांपाशीं नव्हतें. परंतु चौथ्या दिवशीं बंधूच 'आज जेवणें लवकर उरका' असें म्हणूं लागले. हें कसें झालें, याचा विचार गेला महिनाभर आमच्या मनांत घोळत आहे.

ज्या वाचकांनीं पुस्तक पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. काळ १९२२ सालचा उन्हाळा. न्यूयॉर्कजवळ समुद्राच्या एका लहानशा उपसागराच्या दोन कांठांस दोन वस्त्या आहेत. एकींत पिढीजात श्रीमंत राहतात, दुसरींत नव्यानें पैसा झालेले. नव्यांच्या वस्तींत गॅट्स्बी नांवाच्या तरुण गृहस्थाचा राजवाड्यासारखा बंगला आहे, व त्याच्या शेजारीं महिना ऐंशी डॉलर भाड्याच्या एका किरकोळ घरांत निक कॅरवे हा रोख्यांच्या धंद्यांत नशीब काढावयास आलेला मुलगा उतरला आहे. कथा तोच सांगतो. पलीकडच्या कांठावर त्याच्या नात्यांतली डेझी व तिचा नवरा टॉम ब्यूकॅनन राहतात. पांच वर्षांपूर्वीं गॅट्स्बी हा निष्कांचन लष्करी अधिकारी असतांना त्याचें व डेझीचें प्रेम जडलें होतें. तो महायुद्धावर गेला आणि तिनें टॉमशीं लग्न केलें. त्यानंतर गॅट्स्बीनें जें जें केलें तें तिच्यासाठीं. पैसा मिळविला, तिच्या समोरच्याच कांठावर घर घेतलें, आणि रात्रीं तो तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा पाहत उभा राहतो. भेट होते, जुनी ओळख पुन्हां जागी होते, आणि एका तापलेल्या दुपारीं शहरांतील हॉटेलांत टॉमशीं खटका उडतो. परततांना गॅट्स्बीची मोटार डेझी हांकीत असते. तिच्याखालीं टॉमचें अंगवस्त्र असलेली एक बाई सांपडून मरते. गॅट्स्बी तो दोष आपल्या शिरावर घेतो. मोटार कोणाची, हें टॉम त्या बाईच्या नवऱ्यास सांगतो, आणि दुःखानें वेडावलेला तो मनुष्य गॅट्स्बीस गोळी घालून स्वतःही जीव देतो. डेझी व टॉम सामान बांधून परगांवीं निघून जातात.

गॅट्स्बीचा पैसा आला कोठून, तें लेखक उलगडून सांगत नाहीं, सुचवितो. अमेरिकेंत १९२० पासून १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती आणि औषधांच्या दुकानांआडून मद्य विकणाऱ्या टोळीशीं याचें साटेंलोटें होतें. आपणांस हें समजावयास अमेरिकेस जावें लागत नाहीं. १९४९ चा दारूबंदीचा कायदा मुंबई इलाख्यांत आला, त्यानंतर हातभट्टीवर कोणाचे माडीवर माडे चढले व औषधाच्या नांवाखालीं परवाने काढणारीं घरें किती प्रतिष्ठित होतीं, हें बंधूंनींच हंसत हंसत सांगितलें. घेणारा सभ्य आणि विकणारा तेवढा बदमाष, हा न्याय तिकडेही तोच!

पुस्तकाचें स्वतःचें नशीबही थोडें सांगण्यासारखें आहे. तें १९२५ च्या एप्रिलांत निघालें तेव्हां लेखकाचें वय अवघें अठ्ठावीस. खप बेताचा झाला. डिसेंबर १९४० मध्यें तो चव्वेचाळिसाव्या वर्षीं वारला, त्या वेळीं दुसऱ्या छपाईच्या प्रती प्रकाशकाच्या गुदामांत तशाच पडून होत्या. पुढें दुसऱ्या महायुद्धांत सैनिकांस फुकट वांटण्यासाठीं अमेरिकेंत खिशांत मावतील अशीं पुस्तकें छापीत, त्यांत हिची निवड होऊन दीड लाखांवर प्रती निघाल्या. छावणींत वाचलेलें पुस्तक ते लोक घरीं घेऊन आले, आणि मग शाळाकॉलेजांनीं तें उचललें. २०१३ सालच्या चित्रपटांत आपल्या अमिताभ बच्चन यांनीं गॅट्स्बीच्या काळ्या धंद्यांतील वडीलधाऱ्या भागीदाराचें काम केलें, हें ऐकून घरांतील मुलांचें लक्ष जरा जास्त लागलें. २०२१ पासून तिकडे पुस्तकावरचा मालकी हक्कही संपला आहे.

परंतु नेमणुकीनें पुस्तक विकलें जातें, आवडत नाहीं. आवड कशाची होती तें आमच्या घरांतच पाहावयास मिळालें, आणि ती प्रत्येकाची निराळी होती. गॅट्स्बीच्या घरीं शनिवार-रविवारीं शेंकडों माणसें जेवावयास येत. त्यांतील पुष्कळांस आमंत्रणही नसे. शुक्रवारीं संत्रीं-लिंबांच्या पेट्या शहरांतून येत आणि सोमवारीं मागील दारीं सालींचा ढीग पडे. हें ऐकून वहिनी विळीवरून मान वर करून म्हणाल्या, 'एवढ्या साली टाकून दिल्या?' मुलें हंसलीं. पण विचार करतां हा प्रश्न लेखकाच्याही मनांतला होता असें वाटतें. नाहीं तर मेजवानीचें वर्णन करतांना मागील दारचा केर कोण मोजतो?

डेझीविषयीं मात्र वहिनींचें मत आम्हांस चकित करणारें निघालें. बंधू तिला भित्री व अप्पलपोटी ठरवून मोकळे झाले होते. वहिनी म्हणाल्या, लग्नाच्या आदल्या दिवशीं नवऱ्याकडून आलेला साडेतीन लाख डॉलरांचा मोत्यांचा हार तिनें परत करावयास काढला होता, हें विसरूं नका. हार परत करावयास निघालेली दुसरी मुलगी माझ्या तरी पाहण्यांत नाहीं. मग तिला थंड पाण्यांत बसवून शुद्धीवर आणलें, हार गळ्यांत घातला आणि दुसऱ्या दिवशीं लग्न लागलें. 'तें लग्न तिनें केलें कीं घरच्यांनीं लावलें?' यावर बंधूंस उत्तर सुचलें नाहीं. आम्हांसही सुचलें नाहीं. पुढें ती वागली तें वाईटच वागली. मोटार तिनें हांकली व मरण दुसऱ्यानें भोगलें. तें वहिनींसही अमान्य नव्हतें.

आतां ज्या पानानें आमच्या बंधूंस जिंकलें तें सांगतों. गॅट्स्बी मेल्यावर त्याचा म्हातारा बाप दूरच्या प्रांतांतून येतो. बापास मुलाच्या धंद्याची कल्पना नाहीं. मुलगा मोठा झाला, घर घेऊन दिलें, एवढेंच तो जाणतो. त्यानें मुलाचें लहानपणचें एक फाटकें गोष्टीचें पुस्तक बरोबर आणलें आहे. त्याच्या मागील कोऱ्या पानावर १९०६ सालीं त्या पोरानें स्वतःची दिनचर्या लिहून ठेविली आहे. सकाळीं सहास उठणें, व्यायाम, विजेचा अभ्यास, काम, खेळ, वक्तृत्वाचा सराव, शोध लावण्यासाठीं लागणारें वाचन. शिवाय तंबाखू सोडावयाचा, आठवड्यास अमुक डॉलर शिल्लक टाकावयाचे, एक चांगलें पुस्तक किंवा मासिक वाचावयाचें, आईबापांशीं नीट वागावयाचें. (मासिकाचा उल्लेख ऐकून आम्हांस बरें वाटलें, हें कबूल करतों.) तें पान म्हातारा निकपुढें धरतो आणि मोठ्या अभिमानानें वाचून दाखवितो.

पुतण्या वाचीत होता आणि बंधूंनीं चष्मा काढला. कारण सर्वांस ठाऊक होतें. आमच्या वडिलांनीं लिहिलेली अशीच एक दिनचर्या पुण्याच्या घरीं माजघराच्या भिंतीवर कित्येक वर्षें चिकटविलेली होती. पहांटे पांचास उठणें, सूर्यनमस्कार, रूपावली, गणित, अवांतर वाचन, खर्चाचा जमाखर्च रोजच्या रोज. त्या कागदावर आमचीं तिन्ही भावंडें वाढलीं, आणि आम्हीं जें कांहीं मिळविलें तें त्या कागदाचें फळ असें आम्ही आजवर समजत आलों. या कादंबरीनें तोच कागद एका दारूच्या चोरट्या व्यापाऱ्याच्या हातीं दिला! उद्योग, मितव्यय, वेळेचें मोल हे सगळे सद्गुण त्याच्यापाशीं होते. पोर लबाड नव्हतें. मग बिघडलें कोठें? बंधू म्हणाले, ध्येय चुकलें. पुतण्या म्हणाला, काका, ध्येय चुकलें नाहीं. उठलें सहाला तरी ज्या पंक्तींत बसावयाचें होतें तेथें त्याचा पाट मांडलेलाच नव्हता.

या एका वाक्यावर रात्रीं उशीरापर्यंत बोलणें चाललें. टॉम ब्यूकॅनन कधींही दिनचर्या लिहीत नाहीं. त्याला गरज नाहीं. त्याचा पैसा जुना म्हणून स्वच्छ, आणि तो कोठून आला हें विचारण्याची पद्धत नाहीं. गॅट्स्बीचा नवा, म्हणून प्रत्येक पाहुणा त्याचीं पेयें पितांना त्यानें खून केला असावा अशी कुजबुज करतो. पैशाला वय आलें कीं अब्रू येते, ही गोष्ट आम्ही इतक्या स्पष्टपणें दुसऱ्या कोणत्याही पुस्तकांत वाचलेली नाहीं. आणि तें कासार आंबोलीस बसून वाचलें, म्हणून अधिक झोंबलें.

कारण हा मुळशी तालुका आहे. येथें जमिनीची व पैशाची गांठ फार जुनी आहे. गॅट्स्बीची कथा ज्या वर्षांत घडते, त्याच सुमारास आमच्या वरच्या अंगास मुळशीचें धरण होत होतें. टाटा कंपनीस मुंबईसाठीं वीज पाहिजे होती, आणि त्यासाठीं मावळ्यांचीं बावन्न गांवें पाण्याखालीं जावयाचीं होतीं. १९२१ च्या रामनवमीस सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही तेव्हांची घोषणा. सेनापती बापट, विनायकराव भुस्कुटे यांच्या तुरुंगवासाच्या कथा आमच्या वडिलांच्या तोंडून आम्हीं ऐकल्या आहेत. १९२४ अखेर तो लढा मोडला, धरण झालें, घाटाखालीं भिऱ्यास वीजघर झालें, आणि मुंबईचे दिवे लागले. त्या उजेडांत बसलेल्यांस पाण्याखालचें गांव दिसावें कसें?

पुढें पुणें वाढत पश्चिमेकडे सरकलें आणि ज्या जमिनीसाठीं जान द्यावयास माणसें उभीं राहिलीं, ती गुंठ्यागुंठ्यानें विकली जाऊं लागली. या वेळीं सत्याग्रह झाला नाहीं. रोख पैसा हातीं आला. त्या पैशानें गाडी आली, गळ्यांत सोन्याची साखळी आली, बंगला आला. आणि आम्हां पुणेकरांनीं त्यांच्यासाठीं 'गुंठामंत्री' असा एक शब्द काढला. शब्द चटकदार आहे. तो उच्चारतांना आपल्या ओंठांच्या कोपऱ्यांत जें येतें, तेंच टॉमच्या ओंठांच्या कोपऱ्यांत असतें. २०१८ सालीं प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' हा चित्रपट आला, त्यांत जमीन विकून बसलेला बाप आणि गुन्हेगारींत शिरलेला मुलगा दाखविला आहे. आमच्या ओळखींतील पुष्कळांनीं तो पाहिला व 'फार हिंसा आहे बुवा' असें म्हटलें. त्यांतील जमीन विकत घेणारा कोण, हा प्रश्न कोणीं विचारल्याचें आम्हांस आठवत नाहीं. आम्हींही विचारला नव्हता.

येथें आम्हांस आमची गोष्ट सांगणें भाग आहे. आमचें घर ज्या आठ गुंठ्यांवर आहे तेथें पूर्वीं आंबेमोहोर पिकत असे. ती जागा आम्हांस मिळवून देणारे गृहस्थ याच भागांतले. वडिलांची जमीन विकून त्यांनीं जमिनींचाच व्यवहार आरंभिला होता. सातबारा, मोजणी, बिनशेतीचे कागद, सगळें त्यांनीं धांवपळ करून जमविलें. पहिल्या उन्हाळ्यांत आमची विहीर आटली तेव्हां न सांगतां पाण्याचा टँकर पाठविला. दर दिवाळीस नव्या तांदळाची पिशवी येई. पुढें त्यांनीं आमच्याहून वरच्या अंगास बंगला बांधला आणि वास्तुशांतीस आम्हां सर्वांस बोलाविलें. आम्ही गेलों. पंगत उत्तम होती. यजमान स्वतः तुपाचें भांडें घेऊन फिरत होते, आणि त्यांच्या आईनें, कष्टानें वांकलेल्या त्या बाईंनीं, आत्याबाईंच्या पानांत आपल्या हातानें पुरण वाढलें. परततांना मोटारींत आम्ही त्यांच्या सोनेरी नळांवरून, दिवाणखान्यांतील झुंबरावरून आणि दारांतल्या दोन संगमरवरी सिंहांवरून पौडरोड संपेपर्यंत हंसलों. आत्याबाई तेवढ्या हंसल्या नाहींत.

पुढें दोन वर्षांनीं कांहीं खरेदीखतांवरून त्यांच्यावर खटले झाले. खरें काय नि खोटें काय, तें ठरावयाचें होतें. बंगल्यावर मोटारी येत असत त्या येईनाशा झाल्या. अशांतच त्यांची आई वारली. निरोप आम्हांस वेळेवर आला होता. आम्ही त्या दिवशीं पुण्यांतच होतों व दहावा नदीकांठीं सकाळचा होता, तासाभराचा रस्ता. परंतु आपलें नांव अशा ठिकाणीं दिसणें बरें नव्हे, असें आमच्यांत ठरलें. ठरलें म्हणजे कोणीं बोलून दाखविलें नाहीं. आम्हीं मोबाइलवर दोन ओळींचा निरोप पाठविला.

पुतण्या शेवटचें प्रकरण वाचीत होता. गॅट्स्बीच्या अंत्यविधीस त्या शेंकडों जेवणाऱ्यांपैकीं कोणी फिरकत नाहीं. डेझीचें फूल नाहीं, चिठ्ठी नाहीं. भागीदार पत्र लिहून अंग काढून घेतो. त्याच्याच घरीं महिनेच्या महिने राहिलेला एक इसम फोन करतो; येतो म्हणून नव्हे, तर विसरून राहिलेले आपले खेळण्याचे बूट पाठवून द्या म्हणून. पावसांत उभे असतात ते बाप, निक, चार नोकर, गांवचा पोस्टमन, आणि एकदां मेजवानीच्या रात्रीं पुस्तकांच्या खोलींत भेटलेला एक चष्मेवाला पाहुणा.

वाचन थांबलें. बाहेरही पाऊस होताच. आत्याबाई बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, 'त्या माउलीनें मला पुरण वाढलें होतें. तुम्ही सगळे त्या पंक्तीला बसलांत. दहाव्याला कां गेलां नाहींत रे?'

थोरल्या बंधूंनीं वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षीं आत्यापुढें खालीं मान घातलेली आम्हीं प्रथमच पाहिली. आम्हीं कामाचें कांहीं निमित्त सांगूं लागलों, तें अर्ध्यावर राहिलें.

तेव्हां ही कादंबरी शंभर वर्षें कां टिकली, असें कोणीं विचारलें तर आम्ही साहित्यशास्त्रांतलें उत्तर देऊं शकत नाहीं. तिची भाषा सुंदर आहे असें पुतण्या म्हणतो व तें खरें असावें. मराठींत सांगतांना त्याची तारांबळ उडे ती त्यामुळेंच. नऊच प्रकरणें आहेत, चार रात्रींत संपतें. गॅट्स्बी आपणांपैकीं नाहीं म्हणून आपण निर्धास्तपणें ऐकूं लागतों. आणि अखेरच्या प्रकरणाच्या सुमारास ध्यानांत येतें कीं पुस्तकांत आपल्यासाठीं निराळी जागा राखून ठेविली आहे. ती पाहुण्यांच्या यादींत आहे.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं पाऊस उघडला. आम्ही बंधूंसह वरच्या बंगल्यावर गेलों. फाटकास कुलूप होतें. सिंहांवर शेवाळ धरलें होतें. कुटुंब आतां भाड्यानें पिरंगुटास राहतें, असें रस्त्यानें येणाऱ्या दूधवाल्यानें सांगितलें, आणि पत्ताही दिला. तुम्हांस कसें ठाऊक, असें विचारतां तो म्हणाला, त्यांच्या घरीं बारा वर्षें रतीब होता, आईंच्या दहाव्यालाही मी गेलों होतों.